गोळी हातात देण्याआधी

मेथोट्रेक्सेट नावाची एक बारीकशी गोळी आहे. संधिवाताच्या कित्येक रुग्णांना डॉक्टर ती लिहून देतात, आणि या आजारात ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. या सोमवारी घेतली की पुढची थेट पुढच्या सोमवारी. पण घरातल्या डब्यातल्या बाकीच्या गोळ्या रोजच्या असतात, म्हणून कुणीतरी सवयीने हीसुद्धा रोज देऊ लागतं. काही दिवसांत तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी तयार होणं मंदावतं, साध्या जंतुसंसर्गापुढे शरीर हात टेकतं. अशा चुकीने जगात अनेक ठिकाणी माणसं दगावली आहेत. डॉक्टरांनी चिठ्ठी बरोबर लिहिलेली असते, कंपनीने गोळी बरोबर बनवलेली असते. घोटाळा होतो तो अगदी शेवटच्या टप्प्यावर. औषध देणाऱ्याने पाकिटावर ठळक अक्षरांत ‘फक्त सोमवारी’ असं लिहिलं आणि रुग्णाकडून एकदा वदवून घेतलं, तर तो टळू शकतो.

हे काम फार्मासिस्टचं. लोक त्याला ‘मेडिकलवाला’ म्हणतात आणि मागितलेली स्ट्रिप काढून देणं, बिल करणं, सुट्टे पैसे परत करणं, एवढंच त्याचं काम धरून चालतात. बारावीनंतर मुलगा फार्मसीला जातो म्हणाला, तर पुष्कळ घरांत हिशेब ठरलेला असतो: दोन वर्षांचा डिप्लोमा करायचा आणि बाजारपेठेत स्वतःचं मेडिकल टाकायचं. टाकता येतं, यात शंका नाही. पण कायद्याने या माणसाला जे स्थान दिलं आहे ते विक्रेत्याचं नाही. चिठ्ठी आणि रुग्ण यांच्यामध्ये उभं राहून शंका घेण्याचं, आणि त्याखाली स्वतःची सही करण्याचं ते स्थान आहे. करिअर म्हणून फार्मसी निवडायची, तर ही सही निवडायची.

पन्नास-साठ वर्षांपूर्वीचा दवाखाना आठवणाऱ्यांना कंपाउंडर आठवेल. लाल-गुलाबी मिक्श्चर, घरून धुऊन आणलेली बाटली आणि तिच्यावर चिकटवलेली, डोसाच्या खुणा कापलेली कागदाची पट्टी. कंपाउंडर हाताने हुशार असे, पण त्याचं शिक्षण बहुधा डॉक्टरांच्या हाताखालीच झालेलं असे. त्याच्याही कितीतरी आधी देशात भेसळीच्या आणि निकृष्ट औषधांच्या तक्रारी वाढल्या, तेव्हा सरकारने कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. 1930-31 मध्ये तिने काम केलं, आणि औषधांवर नियंत्रण हवं तसं औषध हाताळणाऱ्यांना रीतसर शिक्षणही हवं, हा मुद्दा पुढे आला. 1932 साली महादेवलाल श्रॉफ यांनी बनारस हिंदू विद्यापीठात या शिक्षणाचा पाया घातला. म्हणूनच त्यांचा जन्मदिवस, 6 मार्च, हा राष्ट्रीय फार्मसी शिक्षण दिन म्हणून पाळतात. पुढे 1940 चा औषधांचा कायदा आला आणि 1948 चा फार्मसी कायदा आला. या दुसऱ्या कायद्याच्या 42व्या कलमानुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून औषध देण्याचा अधिकार नोंदणीकृत फार्मासिस्टला मिळाला. मुंबईत कलिन्याचं बॉम्बे कॉलेज ऑफ फार्मसी 1957 साली उभं राहिलं, तेही फार्मासिस्टांच्याच संघटनेच्या पुढाकाराने.

आज दुकानाचा परवाना काढायचा तर किमान दहा चौरस मीटर जागा लागते, लशी आणि इन्सुलिनसाठी फ्रीज लागतो आणि नोंदणी केलेला फार्मासिस्ट लागतो. इन्सुलिन 2 ते 8 अंश तापमानात राहिलं पाहिजे. मे महिन्यात वीज चार तास गेली तर काय करायचं, याचा विचार त्यालाच करावा लागतो. औषधांची वर्गवारी वेगवेगळ्या शेड्यूलमध्ये असते. शेड्यूल एच म्हणजे चिठ्ठीशिवाय न मिळणारी औषधं. 1 मार्च 2014 पासून त्याच्या जोडीला एच-वन आलं. नवी, जोरकस अँटिबायोटिक्स, क्षयरोगावरची औषधं आणि सवय लावू शकणारी काही औषधं त्यात आहेत. एच-वनचं प्रत्येक औषध देताना डॉक्टरांचं नाव, रुग्णाचं नाव, औषध आणि किती दिलं, हे वेगळ्या रजिस्टरात लिहायचं आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. ‘मागच्या वेळचीच अँटिबायोटिक द्या, दोन दिवसांची पुरे,’ असं म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं कामही यातच येतं. न मरणाऱ्या जंतूंची लढाई मोठ्या हॉस्पिटलात लढली जाते, पण तिचा एक मोर्चा या काउंटरवर असतो.

काउंटरवरचे खरे प्रश्न साधेच असतात. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी घ्यायची, आणि कॅल्शियमची गोळी तिच्यापासून चार तास लांब ठेवायची. दम्याचा स्टेरॉइड असलेला पंप ओढला की चूळ भरायची, नाहीतर तोंडात बुरशी येते. सर्दीच्या गोळीत पॅरासिटामॉल असतं, तापाच्या गोळीतही तेच असतं, दोन्ही मिळून मर्यादा ओलांडली तर यकृताला धोका. छातीत दुखतं म्हणून सॉर्बिट्रेट घेणाऱ्याने लैंगिक दुर्बलतेवरचं सिल्डेनाफिल मागितलं तर थांबवायचं, कारण दोन्ही एकत्र गेली की रक्तदाब एकदम कोसळतो. हे कुजबुजत मागणाऱ्या माणसाला दहा गिऱ्हाइकांच्या गर्दीत, त्याची लाज राखून विचारायचं, हे कौशल्य पुस्तकात मिळत नाही.

त्यात नावांचा घोळ असतो. अमेरिकेत आम्लपित्तावरचं ‘लोसेक’ बाजारात आलं आणि लघवी वाढवणाऱ्या ‘लॅसिक्स’शी त्याची गल्लत होऊ लागली. शेवटी 1990 साली कंपनीला तिथे नाव बदलून ‘प्रिलोसेक’ करावं लागलं. भारतात तर एकेका औषधाचे कितीतरी ब्रँड. घाईघाईत लिहिलेली चिठ्ठी वाचताना अंदाज बांधायचा नाही, डॉक्टरांना फोन लावायचा, हा नियम चांगला फार्मासिस्ट पहिल्याच महिन्यात शिकतो. शेड्यूल एचच्या औषधाऐवजी स्वतःच्या मनाने दुसरा ब्रँड द्यायलाही त्याला नियमाने मुभा नाही.

मग प्रत्यक्षात दुकानात हा माणूस दिसतो का? या व्यवसायाची दुखरी नस इथेच आहे. कित्येक ठिकाणी भिंतीवर ज्याचं प्रमाणपत्र फ्रेममध्ये लावलेलं असतं, तो दुसऱ्याच गावात दुसरंच काम करत असतो. दुकानमालक त्याला महिन्याला ठरलेली रक्कम पोचवतो. यालाच ‘सर्टिफिकेट भाड्याने देणं’ म्हणतात. महेश झगडे महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना, 2012 च्या सुमारास, दुकानात फार्मासिस्ट हजर हवा आणि प्रत्येक औषधाचं बिल हवं, हा नियम कडकपणे राबवला गेला. औषधविक्रेत्यांनी विरोध केला, बंदही पुकारले. वाद बराच गाजला, पण त्यानिमित्ताने ग्राहकाला एक गोष्ट कळली: दुकानात गेल्यावर ‘फार्मासिस्ट कोण?’ असं विचारता येतं. 2015 च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनी तर पांढरा कोट आणि नाव, नोंदणी क्रमांक लिहिलेला बिल्लाही सांगितला आहे. प्रमाणपत्र भाड्याने देणाऱ्या तरुणाला घरबसल्या पैसे मिळतात, पण काही विपरीत घडलं की चौकशीच्या कागदावर त्याचंच नाव येतं, आणि राज्याच्या फार्मसी कौन्सिलच्या नोंदवहीतून ते कायमचं निघूही शकतं.

दुकान हा या व्यवसायाचा एक भाग. दुसरा भाग कारखान्यात आणि प्रयोगशाळेत आहे, आणि तिथली हलगर्जी किती महाग पडते हे मुंबईने पाहिलं आहे. 1986 च्या सुरुवातीला जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉल दिलेल्या रुग्णांची मूत्रपिंडं निकामी होऊ लागली. 14 जण दगावले. औषधी ग्लिसरॉलच्या नावाखाली जे आलं होतं, त्यात डायइथिलीन ग्लायकॉल हे औद्योगिक रसायन होतं. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने खरेदीपासून तपासणीपर्यंतची साखळी उलगडून दाखवली. अमेरिकेत 1937 साली याच रसायनाने शंभराहून अधिक माणसं मारली होती, आणि त्यातूनच तिथला 1938 चा कडक औषध कायदा झाला. तरीही 2022 मध्ये गांबियात, आणि 2025 मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात लहान मुलांच्या सिरपने पुन्हा तोच घात केला. छिंदवाड्याची बरीच मुलं उपचारासाठी नागपूरला आणली गेली होती. तमिळनाडूच्या औषध नियंत्रण विभागाने त्या सिरपची तपासणी केली, तेव्हा हे रसायन 48.6 टक्के निघालं. ग्लिसरीनमध्ये त्याची मान्य मर्यादा 0.1 टक्का आहे. ते शोधण्याची पद्धत अवघड नाही. कच्च्या मालाचा प्रत्येक ड्रम तपासल्याशिवाय पुढे सोडायचा नाही असं ठामपणे सांगणारा माणूस तिथे लागतो. क्वालिटी कंट्रोल किंवा क्वालिटी अ‍ॅश्युरन्सची नोकरी म्हणजे हेच काम.

या व्यवसायात शिरायच्या वाटा तीन. बारावी विज्ञाननंतर डी.फार्म. दोन वर्षांचं. महाराष्ट्रात त्याचा प्रवेश बारावीच्या गुणांवर होतो आणि परीक्षा तंत्रशिक्षण मंडळ घेतं. बी.फार्म. चार वर्षांचं, त्यासाठी एमएचटी-सीईटी द्यावी लागते. डिप्लोमा झालेल्याला त्याच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश मिळू शकतो. तिसरी वाट फार्म.डी.ची, 2008 मध्ये सुरू झालेली, सहा वर्षांची. तिचं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं, आणि विद्यार्थी डॉक्टरांबरोबर वॉर्डात फिरून औषधांचे डोस आणि परिणाम तपासायला शिकतो.

अलीकडे कॉलेजं मात्र बेसुमार वाढली. फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाने 2019 मध्ये नव्या कॉलेजांना पाच वर्षं मनाई करायचं ठरवलं, पण अशी बंदी नुसत्या ठरावाने घालता येत नाही असं म्हणत सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2022 मध्ये ती रद्द ठरवली. त्याच वर्षी कौन्सिलने डिप्लोमाधारकांसाठी एक्झिट परीक्षेचे नियम आणले. म्हणजे नुसता डिप्लोमा हाती आला की नोंदणी, ही जुनी समजूत आता धरून चालता येत नाही.

पुढे काय? जिल्हा परिषदेच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध निर्माण अधिकाऱ्याचं पद असतं. सापाच्या विषावरचं औषध साठ्यात आहे की नाही हे बघणं तिथे त्याच्याकडेच असतं. बी.फार्म. झालेल्याला लोकसेवा आयोगामार्फत औषध निरीक्षक होता येतं. औषधांचे दुष्परिणाम नोंदवणारा राष्ट्रीय कार्यक्रम 2010 पासून चालू आहे, आणि त्याच स्वरूपाचं काम कंपन्यांतही मिळतं. ज्यांना स्वतःचं दुकान हवं, त्यांनी आकडे आधी पाहावेत. सरकारी दरनियंत्रणाखालच्या औषधांवर किरकोळ विक्रेत्याचा नफा 16 टक्के धरलेला आहे. त्यातून भाडं, वीज, नोकर, एक्स्पायरीचा माल आणि ऑनलाइन कंपन्यांची सूट हे सगळं भागवायचं असतं. जनऔषधी केंद्र हा आणखी एक पर्याय. देशात अशी 10 हजारांहून अधिक केंद्रं झाली आहेत आणि तिथेही फार्मासिस्ट असावाच लागतो. अमेरिकेचं स्वप्न पाहणाऱ्यांसाठी एक नियम महत्त्वाचा: 2003 नंतरच्या पदवीधरांकडून तिथे किमान पाच वर्षांचा अभ्यासक्रम मागतात. चार वर्षांचं बी.फार्म. त्यात बसत नाही.

प्रवेश घेण्याआधी कॉलेजला कौन्सिलची मान्यता आहे ना, एवढं पाहणं पुरेसं नाही. डिप्लोमानंतर दवाखान्यात किंवा दुकानात किमान 500 तासांचं प्रशिक्षण असतं, तीन महिन्यांपेक्षा कमी काळात ते उरकायचं नसतं. काही ठिकाणी ते खरंच होतं, काही ठिकाणी फक्त शिक्का मिळतो. आधीच्या वर्षी बाहेर पडलेल्या दोघा-तिघांना गाठून विचारावं: हे तास कुठल्या दुकानात भरले, चिठ्ठ्या स्वतः वाचल्या का, एच-वनचं रजिस्टर कुणी लिहिलं, फ्रीजचं तापमान कोण बघत होतं? उत्तरं अडखळत आली, तर दुसरं कॉलेज शोधायला अजून वेळ असतो.