अहिल्याबाई : माता आणि मातामही

काशीचा विश्वेश्वर, गयेचे विष्णुपद, प्रभासपट्टणचा सोमनाथ! यात्रेकरू भारताच्या कोणत्याही दिशेला गेला, तरी अहिल्याबाई होळकरांचे नाव त्याला कोठे ना कोठे भेटतेच. घाट, विहिरी, धर्मशाळा आणि अन्नछत्रे यांच्या रूपाने त्यांचे पुण्य लोकांच्या नित्य वापरात राहिले. परंतु ज्यांना प्रजेने मातेचे पद दिले, त्यांच्या स्वतःच्या घरातील मातृपदाची कथा मात्र फारशी सांगितली जात नाही. ती कथा दोन चितांच्या मधली आहे.

आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील चौंडी या गावी १७२५ साली माणकोजी शिंदे यांच्या घरी अहिल्याबाईंचा जन्म झाला. मल्हारराव होळकरांनी त्यांना सून करून आणले. खंडेराव आणि अहिल्याबाई यांना मालेराव हा मुलगा आणि मुक्ताबाई ही मुलगी, अशी दोन अपत्ये झाली. १७५४ साली भरतपूरजवळील कुंभेरीच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून खंडेराव पडले. त्या काळच्या रीतीप्रमाणे अहिल्याबाई सती जाण्यास सिद्ध झाल्या. तेव्हा पुत्रशोकाने खचलेल्या मल्हाररावांनी, आता तूच माझा मुलगा, अशा शब्दांत सुनेची विनवणी केली, असे परंपरा सांगते. अहिल्याबाई मागे फिरल्या.

मल्हाररावांचे मोठेपण असे, की त्यांनी सुनेला नुसते जगायला सांगितले नाही. जगण्याला काम दिले. मोहिमेवर असता ते घरचा कारभार सुनेवर सोपवीत. १७६५ सालच्या त्यांच्या पत्रांत तर तोफखाना आणि दारूगोळा यांच्या व्यवस्थेविषयी अहिल्याबाईंना केलेल्या सूचना आहेत. सासऱ्याचा शब्द असा रोजच्या व्यवहारात खरा होत गेला.

१७६६ साली मल्हारराव वारले आणि गादी मालेरावांकडे आली. परंतु त्यांना वेडाचे झटके येऊ लागले. त्यांच्या हातून एका निरपराध माणसाचा वध झाला होता आणि त्याच्याच पिशाच्चाने त्यांना झपाटले आहे, असा लोकांचा समज होता. अहिल्याबाई रात्रंदिवस मुलाच्या अंथरुणाशी बसून राहिल्या. त्या पिशाच्चाने मुलाला सोडावे म्हणून रडून त्याची करुणा भाकीत राहिल्या. १७६७ साली मालेराव गेले. पुढे, न्यायनिष्ठुर आईनेच मुलाला हत्तीच्या पायी दिले, अशी कथा लोकांत पसरली. माळव्याचा वृत्तांत लिहिणाऱ्या सर जॉन माल्कम यांनी मात्र आईनेच मुलाचा जीव घेतला हा प्रवाद चौकशी करून खोटा ठरविला. न्यायासाठी मुलाला मारणारी आई दंतकथेला हवी होती. खरी आई उशाशी जागत होती.

त्यानंतर अहिल्याबाईंनी महेश्वरी राहून जवळजवळ अठ्ठावीस वर्षे राज्य केले. सैन्य तुकोजी होळकरांकडे, कारभार स्वतःकडे, अशी वाटणी होती. या कारभारातील एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. निपुत्रिक सावकाराची विधवा दाराशी आली, म्हणजे तिच्या संपत्तीवर सरकारचा हात पडू नये आणि जबर नजराणा न घेता तिला दत्तक घेता यावा, याची त्या काळजी वाहत. विधवेला मानाने जगता यावे, ही त्यांची दृष्टी होती. आणि ती त्यांच्या स्वतःच्या आयुष्यातून आलेली होती.

मालेरावांना संतान नव्हते. त्यामुळे यशवंतराव फणसे यांना दिलेली मुक्ताबाई आणि तिचा मुलगा नथ्याबा एवढाच अहिल्याबाईंचा जिव्हाळ्याचा संसार उरला होता. तो एकुलता एक नातू ऐन तारुण्यात आजीच्या डोळ्यांदेखत गेला. त्यानंतर वर्षभराने, १७९१ साली, जावईही गेले. आणि मुक्ताबाईने सती जाण्याचा निश्चय सांगितला.

पुढचा प्रसंग माल्कम यांनी माळव्यातील लोकांकडून ऐकून आपल्या १८२३ च्या ग्रंथात नोंदविला आहे. आई म्हणून आणि राज्यकर्ती म्हणून करता येईल तेवढे सारे अहिल्याबाईंनी केले. मला एकटी टाकून जाऊ नकोस, म्हणून त्यांनी मुलीपुढे लोटांगण घातले. मुलीचे उत्तर शांत होते : आई आता वृद्ध झाली, ती गेल्यावर आपल्याला कोणी उरणार नाही, आणि मानाने जाण्याची वेळही तेव्हा निघून गेलेली असेल. अहिल्याबाई चितेपर्यंत चालत गेल्या. दोन ब्राह्मणांनी त्यांचे हात धरले होते. ज्वाला उठताच त्यांचा धीर सुटला आणि हात सोडवता येईनात, तेव्हा त्या वेदनेने स्वतःच्याच हातांना चावू लागल्या. नंतर नर्मदेत स्नान करून त्या वाड्यात परतल्या. तीन दिवस त्यांनी जवळजवळ अन्न घेतले नाही, आणि शब्दही उच्चारला नाही.

१७५४ साली एका वडीलधाऱ्याच्या विनवणीने अहिल्याबाई वाचल्या. सदतीस वर्षांनी तशाच विनवणीने मुलगी मात्र वाचली नाही. दोन्ही विनवण्यांत माया सारखीच होती. परंतु सुनेला पुढे करावयाचे काम दिसत होते. मुलीला पुढे केवळ एकाकीपण दिसले, आणि रूढीने त्या एकाकीपणापेक्षा मरणालाच अधिक मान देऊ केला होता. परक्या विधवांसाठी जो मार्ग अहिल्याबाईंनी मोकळा ठेवला, त्यावर त्यांना स्वतःच्या लेकीला मात्र आणता आले नाही. जी रूढी एका आईची माया आणि एका राज्यकर्तीचा अधिकार या दोहोंना पुरून उरली, ती मोडण्यासाठी अखेर कायदाच करावा लागला. बंगाल इलाख्यात तो १८२९ साली झाला.

अहिल्याबाईंनी मुलीचे एक सुंदर स्मारक उभारले आणि त्या पुन्हा कारभाराला बसल्या. १३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वरी त्यांचे देहावसान झाले. शेवटची चार वर्षे त्यांना आई म्हणणारे घरात कोणी नव्हते. दाराशी येणारे मात्र त्यांना त्याच नावाने हाक मारीत होते, आणि त्या हाकेला त्यांनी अखेरपर्यंत ओ दिली.