सुट्टीत मुलांना कोणती कादंबरी द्यावी?

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या सभेतील भाषण)



मला बोलायला सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले होते. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुस्तकांविषयी बोलायचे तर एखाद्या शिक्षिकाबाईंना बोलवावे, असे मी सुचवले. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "पुस्तकांच्या कपाटाची किल्ली तुमच्याकडे, तेव्हा बोलायचेही तुम्हीच." म्हणून उभी राहिले आहे.

विषय घरगुतीच आहे. परीक्षा संपली की हायस्कूलमधून एक चिठ्ठी येते. सुट्टीत दोन मराठी कादंबऱ्या वाचाव्यात, प्रत्येकीवर वहीत दोन पाने लिहावीत, निवड पालकांनी करावी. आता पालक म्हणजे कोण? पुरुषमंडळी सकाळी जातात ती रात्री येतात. चिठ्ठी फिरून फिरून स्वयंपाकघरातच येते. आणि आपल्यापैकी पुष्कळजणींनी लग्नानंतर पोथी आणि दिनदर्शिकेची मागची पाने यापलीकडे फारसे वाचलेले नसते. मग शेजारच्या मुलाने आणले तेच आपण आणतो. मुले आपल्याहून हुशार. मोबाईलवरून गोष्टीचा सारांश उतरवला की झाली दोन पाने! कादंबरी जशीच्या तशी कोरी परत जाते.

मी दोन वर्षे एक करून पाहिले. पुस्तक मुलांच्या हाती देण्याआधी निदान पहिली वीस पाने आपण वाचायची. आणि मग पापड लाटताना मुलांकडून पहिली दहा पाने मोठ्याने वाचून घ्यायची. लाटणे चालू, कान मोकळे. दहा पानांनंतर मूल आपणहून पुढे वाचू लागले, तर ते पुस्तक त्याचे. तहान लागली, पोट दुखले असे सुरू झाले की खुशाल दुसरे काढावे. त्यात पुस्तकाचा अपमान नाही.

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' अशीच लागली. 1955 सालची, आकाराने लहान. औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीवर एक तरुण मास्तर शाळा चालवायला जातो. मुले येत नाहीत, लोकांचा विश्वास बसत नाही, मग हळूहळू तो त्यांचा होतो, तालीम बांधतात, आणि पुढे पाऊस दगा देतो. माझा मुलगा आठवीत आहे. खेळ सोडून तो पुस्तकाला शिवत नाही. पण मेंढरे मरू लागली तिथे तो गप्प झाला आणि पापडाचे पीठ वाळत असता मीही गप्प झाले. भाषा अवघड नाही. कोठे एखादा माणदेशी शब्द अडला तर पुढच्या ओळीत उलगडतो.

गो. नी. दांडेकरांची 'पडघवली' मात्र मुलांना एकट्याने जड जाते. कोकणातले एक गाव ओस पडत जाते, ते तिथल्याच एका सुनेने सांगितलेले आहे. शब्द सगळे तिकडचे. आमच्या सासूबाई कोकणातल्या. खोत कोणाला म्हणत, आगर कसे असते, हे त्या सांगत गेल्या आणि माझी मुलगी वाचत गेली. एरवी नात आणि आजी यांच्यात दूरदर्शनच्या मालिकेवरून वाद. त्या आठ दिवसांत वाद नव्हता. ज्यांच्या घरी कोकणातले वडीलधारे आहेत त्यांनी हे पुस्तक जरूर न्यावे.

'मृत्युंजय' आणि 'ययाति' या मोठ्या नावांच्या कादंबऱ्या आहेत, पण नववीच्या आत घाई करू नये असे माझे मत. जाडी बघूनच मुले दडपतात. आणि 'ययाति'तल्या विषयाला थोडे वय लागते. रणजित देसाईंची 'स्वामी' चालते. फक्त एक सांभाळावे. मुले विचारतात, "हे सगळे खरे का?" तेव्हा सांगावे की माधवराव पेशवे सोळाव्या वर्षी गादीवर आले, 1772 साली थेऊरला वारले, हा इतिहास. पण रमाबाईंशी ते काय बोलले हे लेखकाने मनाने रचले आहे. एवढे सांगितले की मूल इतिहासाच्या पेपरात कादंबरी लिहून येत नाही.

आता थोडे नाजूक बोलते. मिलिंद बोकील यांची 'शाळा' आपल्या कपाटात आली तेव्हा दोघीतिघींनी ती काढून टाका म्हणून आग्रह धरला. एकीने तर वर्गणी बंद करते असे सांगितले. आणीबाणीच्या काळातला नववीचा मुलगा, वर्गातली मुलगी त्याला आवडते, आणि मुले आपसात बोलतात ती भाषा काही देवघरातली नाही. मी ती दोन रात्रीत सगळी वाचली. त्यात लपवण्यासारखे मला काही दिसले नाही. नववीतल्या मुलांच्या मनात जे चालते ते तिथे लिहिले आहे, आणि मुलगी शेवटी दूर निघून जाते. ही पुस्तके काढून टाकली तर मुले हेच मोबाईलवर पाहतील, आणि तिथे त्यांच्यासोबत कोणी असणार नाही. म्हणून 'शाळा' कपाटात ठेवली आहे. नववीपासून पुढे, आणि घरातले कोणी मोठे माणूस आधी वाचणार असेल तरच देते. वर्गणी बंद करणाऱ्या बाईंनी ती वाचली तर त्यांच्याशी चर्चा करायला मी तयार आहे. न वाचता नाही.

याच्या उलट तक्रार हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो' विषयी. 'करमणूक' पत्रात 1890 पासून क्रमशः येत गेलेली ही कादंबरी. "इतके रडके पुस्तक सुट्टीत कशाला?" असे विचारतात. यमू लहानपणी लग्न होऊन जाते, नवरा तिला शिकवतो, तो जातो, आणि मग घरचे तिचे केस जबरदस्तीने काढवतात. वाचवत नाही हे खरे. भाषाही जुनी, वाक्ये लांबलचक. तरी माझ्या मुलीने ती पुरी केली. रात्री भांडी विसळताना मला म्हणाली, "आई, तुला सातवीनंतर का काढले?" आजवर तिने हे कधी विचारले नव्हते. मी सांगितले. पुढची शाळा तीन मैलांवर होती, बरोबर जाणारी दुसरी मुलगी नव्हती, आणि धाकटी दोन भावंडे सांभाळायला कोणीतरी हवे होते. ती काही बोलली नाही. वहीत मात्र दोनऐवजी पाच पाने लिहिली. ती मला वाचायला दिली नाहीत, आणि मी मागितली नाहीत.

असो. पुस्तकांची व्यवस्था सांगते. दर बुधवारी दुपारी तीन ते पाच कपाट उघडे असेल. एका घरी एका वेळी एकच पुस्तक, पंधरा दिवस. 'श्यामची आई'च्या दोन प्रती आहेत. तिच्यात प्रकरणांना 'रात्र' म्हटले आहे, तेव्हा लहानांना रोज झोपताना एक रात्र वाचून दाखवायला सोयीची. अण्णा भाऊ साठे यांच्या 'फकिरा'साठी तिघींनी नावे दिली आहेत. ज्या माणसाला शाळेत जेमतेम पाऊल टाकता आले त्याने ही लिहिली, हे मुलांना सांगून द्यावी. ती सध्या माझ्याकडे आहे, चाळीस पाने उरली आहेत. येत्या बुधवारी आणते.