न दिसणारा विस्तव



मागच्या आठवड्यात वर्गातल्या एका मावशींनी आम्हांला प्रश्न विचारला. त्यांच्या नातवाचा हात मोडला होता. यवतमाळला दवाखान्यात नेऊन हाताचा फोटो काढला. मावशी म्हणाल्या, "गुरुजी, बटन दाबायच्या वेळी तो फोटोवाला भिंतीआड का गेला हो? अन् छातीवर बिल्ला कशाचा लावला होता?"

प्रश्न लाख मोलाचा आहे. आज त्याचेच उत्तर देऊ. त्यासाठी तुम्हांला आधी दूर तारापूरला नेऊ, आणि मग आपल्याच वावरात परत आणू.

हाताचा तो फोटो साध्या उजेडाने निघत नाही. तो एक्स-रे नावाच्या किरणांनी निघतो. राँटजेन नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने 1895 साली हे किरण शोधले. ते मांसातून आरपार जातात, पण हाडाशी अडतात. म्हणून मोडलेले हाड दिसते. पुढच्याच वर्षी कळले, की युरेनियम नावाच्या धातूतून आपोआपच असे भेदक किरण निघतात. याला म्हणतात किरणोत्सर्ग.

हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांना वास नाही, चव नाही. पण फार झाले तर शरीर आतून बिघडते. रक्त नासते, पुढे कर्करोगही होऊ शकतो. मादाम क्यूरी या थोर बाईंनी रेडियम शोधले. त्या काळी धोका कोणाला ठाऊक होता? वर्षानुवर्षे त्या उघड्या हातांनी काम करीत राहिल्या. 1934 साली रक्ताच्या आजाराने त्या वारल्या. त्यांच्या वह्या आजही शिशाच्या पेटीत ठेवाव्या लागतात.

पण घाबरून जाऊ नका. थोडे किरण माती, आकाश आणि अन्न यांतून सर्वांनाच मिळतात. नातवाच्या एका फोटोने काही बिघडत नाही. फोटोवाला मात्र दिवसभर तेच काम करतो. म्हणून तो भिंतीआड जातो.

आता तारापूरला चला. ते आपल्या राज्याच्या दुसऱ्या टोकाला, पालघर जिल्ह्यात, समुद्रकाठी आहे. चंद्रपूरला कोळसा जाळून पाण्याची वाफ करतात, आणि वाफेने चक्र फिरवून वीज काढतात. तारापूरला वाफच करतात, पण कोळशावाचून. युरेनियमचे कण फुटतात, त्यातून उष्णता निघते. आपल्या देशातले हे पहिले अणुवीज केंद्र. त्याची पहिली दोन यंत्रे 1969 साली सुरू झाली. 2005 आणि 2006 साली आणखी दोन मोठी यंत्रे आली. त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण या गावांना आपली जागा सोडावी लागली. विजेची ही किंमतही आपण विसरू नये.

आमचा एक जुना विद्यार्थी तिथे कामाला आहे. सुटीत गावी आला, की आम्ही त्याला खोदून खोदून विचारतो. तो सांगतो, "गुरुजी, आमचे सारे काम तीन शब्दांवर चालते. वेळ, अंतर आणि आडोसा."

हे तीन शब्द पाटीवर लिहून घ्या. होळी पेटली आहे असे समजा. तिच्याजवळ घटकाभरच थांबलात, तर धग कमी लागते. ही झाली वेळ. चार पावले मागे सरलात, तर आणखी कमी लागते. हे झाले अंतर. मध्ये भिंत आली, तर धग लागतच नाही. हा झाला आडोसा. किरणांचेही तसेच आहे. एका जागेहून किरण निघत असतील आणि तुम्ही दुप्पट लांब गेलात, तर मारा चौथाईवर येतो.

तारापूरला आडोसे एकात एक केलेले आहेत. युरेनियमच्या गोळ्या धातूच्या बंद नळ्यांत असतात. त्या नळ्यांभोवती पोलादाचे जाड आवरण असते. त्याबाहेर काँक्रीटच्या जाड भिंती असतात. एक आडोसा फसला, तर दुसरा हवा. दुसरा फसला, तर तिसरा हवा.

आता बिल्ल्याचे ऐका. तो बिल्ला म्हणजे किरणांचे खातेपुस्तकच. कामगाराच्या अंगावर किती किरण पडले, ते त्याच्यात साठते. ठराविक दिवसांनी बिल्ला तपासून आकडा त्याच्या नावावर लिहितात. धान्य किलोत मोजतात, तसे हे मिलिसिव्हर्टमध्ये मोजतात. कामगाराला पाच वर्षांत मिळून 100 ची मर्यादा आहे. कोणत्याही एका वर्षात 30 च्या वर जाता येत नाही. बाहेरच्या लोकांसाठी मर्यादा वर्षाला फक्त 1 आहे. मर्यादा भरली, की कामगाराला त्या कामावर पाठवीत नाहीत. बाहेर पडताना हात, पाय, कपडे यंत्रापुढे तपासून घ्यावे लागतात. भोवतालच्या गावांतले पाणी, दूध, भाजी आणि समुद्रातली मासळी हीदेखील तपासतात.

आम्ही त्याला विचारले, "अरे, एखादा मोठा साहेब म्हणाला, मला नको बिल्ला, तर?" तो हसला. म्हणाला, "किरणांना साहेब कळत नाही, गुरुजी. बिल्ल्यावाचून साहेबही आत जात नाही."

मग तिथे चूक होतच नाही का? तसे कोणी म्हणू नये. 11 मार्च 2011 रोजी जपानमध्ये मोठा भूकंप झाला. फुकुशिमा येथल्या अणुवीज केंद्राची यंत्रे बंद झाली. पण चूल विझवली तरी निखारे धगधगत राहतात, तशी आतली उष्णता लगेच जात नाही. तिला पाण्याने निववीत राहावे लागते. समुद्राची प्रचंड लाट आली, विजेची सोय बुडाली, पंप थांबले आणि आतले इंधन वितळले. लाखाहून अधिक माणसांना घरदार सोडावे लागले. म्हणून नियम एकदा करून भागत नाही. ते पुन्हा पुन्हा तपासावे लागतात.

आता आपल्या वावरात या. इथे किरण नाहीत, पण न दिसणारा विस्तव आहे. तो म्हणजे फवारणीचे औषध. औषध कसले, विषच ते! 2017 साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले. शेकडो जण दवाखान्यात पडले.

त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. आमच्या शेतावरचा सालगडी डोक्याएवढ्या पऱ्हाटीत फवारीत होता. अंगावर बनियन, तोंडाला काही नाही. तो म्हणाला, "काही होत नाही, गुरुजी." आम्हीही मान डोलावली. संध्याकाळी तो चक्कर येऊन पडला. चार दिवस दवाखान्यात होता. वाचला, हे नशीब. चूक त्याची नव्हती, आमची होती. आयुष्यभर पोरांना धडे दिले, आणि डब्यावरचा कागद वाचला नाही!

तारापूरचा तो पोरगा छातीने धीट आहे, तरी बिल्ला लावतो. जे दिसत नाही, त्याच्यापुढे छाती दाखवून भागत नाही. तिथे नियम लागतो.

तेव्हा आपणही तीन शब्द पाळू. वेळ: एकाच माणसाने दिवसभर फवारू नये, पाळी लावावी. अंतर: वाऱ्याच्या उलट तोंड करून फवारू नये. औषध हाताने ढवळू नये, लांब काठीने ढवळावे. आडोसा: पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे, तोंडावर मास्क आणि डोळ्यांना चष्मा. काम झाले, की साबणाने आंघोळ.

आणि डबा उघडण्याआधी त्यावरची खूण पाहा. लाल त्रिकोण म्हणजे सर्वांत जहाल विष. त्याखाली पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा असला तरी निष्काळजी राहू नका. खुणेशेजारची अक्षरे आता तुम्हांला वाचता येतात. ज्याला येत नाहीत, त्याला वाचून दाखवा. जो मजूर तुमच्या शेतात फवारतो, त्याला तर आधी वाचून दाखवा.

मावशींच्या एका प्रश्नाने आम्हांला एवढे बोलायला लावले. पुढच्या वेळी तुम्हीही असेच प्रश्न घेऊन या.