निळ्या पुस्तकातला शेजार



मी मनोविकारशास्त्र शिकायला लागले, तेव्हा हाती आलं ते एक निळ्या कव्हरचं पुस्तक. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची, म्हणजे आयसीडीची, १९९० साली मंजूर झालेली दहावी आवृत्ती. निदान लिहायचं ते त्यातला क्रमांक घालून. एफ ६३ खाली जुगाराचं व्यसन, आगी लावण्याची ओढ, चोरीची अनावर ऊर्मी. त्याला लागूनच एफ ६४: जन्मावेळी नोंदलेलं लिंग ज्यांना आपलं वाटत नाही, अशी माणसं. सगळे एकाच प्रकरणात, व्यक्तिमत्त्वाचे आणि वर्तनाचे विकार म्हणून. परीक्षेसाठी मी ते घोकलं. हा शेजार कसला, असं तेव्हा मनातही आलं नाही, याची आज खंत वाटते.

पुढे ओपीडीत एक तरुणी आली. कागदोपत्री मुलगा. शस्त्रक्रियेसाठी तिला आमचं पत्र हवं होतं. मी केसपेपरवर एफ ६४.० लिहिलं, तसं तिनं त्यावर बोट ठेवलं. "मॅडम, हा नंबर वेडाचा आहे का? मला झोप लागते, भूक लागते, मी नोकरी करते. घरचे चार वर्षं बोलले नाहीत, त्यानं जीव कासावीस होतो. त्याला कुठला नंबर देता?"

या शिक्क्याचा इतिहास जुना आहे. मनोविकारतज्ज्ञ क्राफ्ट-एबिंग यांनी १८८६ साली लैंगिक विकृतींवर ग्रंथ लिहिला आणि त्यात अशा माणसांना बसवलं. दुसरी वाटही होती. डॉक्टर माग्नुस हिर्शफेल्ड यांनी १९१९ साली बर्लिनमध्ये संस्था काढली. तिथं अशा माणसांना उपचार मिळत, आपल्या मनाजोगे कपडे घालून रस्त्यानं चालता यावं म्हणून पोलिसांचा दाखला मिळवायला मदत मिळे. मे १९३३ मध्ये नाझींनी ती संस्था लुटली, ग्रंथालय चौकात जाळलं.

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं १९७३ साली समलैंगिकता आजारांतून काढली; त्यांच्या स्वतःच्या निदान-पुस्तिकेच्या १९८० च्या आवृत्तीत मात्र पारलिंगी असणं विकार म्हणून आत आलं. २०१३ मध्ये त्यांनी 'विकार' हा शब्द गाळला. ओळख हा आजार नव्हे, त्यापायी होणाऱ्या तगमगीवर उपचार करायचे, असं ठरलं. आयसीडीच्या अकराव्या आवृत्तीनं २०१९ साली तर हे सगळं मनोविकारांतून उचलून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात नेलं. पूर्ण का काढलं नाही? पुस्तकात नोंदच नसेल, तर संप्रेरकं, शस्त्रक्रिया, विम्याचे पैसे मागायचे कशाच्या आधारावर? ही तडजोड आहे, पण मला ती योग्य वाटते.

आपला २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा मानसिक आजार ठरवताना आयसीडीच्या ताज्या आवृत्तीचा हवाला देतो, आणि तिथं हा मनोविकार उरलेला नाही. तरीही, "डॉक्टर, याला सरळ करून द्या," म्हणणारे आईवडील अजून येतात. त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. असे 'सरळ करण्याचे' उपचार म्हणजे डॉक्टरचं गैरवर्तन, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ साली स्पष्ट केलं आहे. कुणी तसं करून देतो म्हणालं, तर तिथून उठा आणि आपल्या लेकराला घरी घेऊन जा.