कर्ज आणि बाजार

मंडळी, पेरणी तोंडावर आली आणि घरात बियाणे नाही, म्हणजे माणूस काय करतो? सावकाराच्या ओट्यावर जातो. आपल्या वाडवडिलांनी तेच केले. पण असे किती जण जात होते, हे कोणी मोजले होते का?

१९५१ साली रिझर्व्ह बँकेने ते मोजायला घेतले. समितीचे अध्यक्ष ए. डी. गोरवाला. पुण्याचे धनंजयराव गाडगीळही तिच्यात होते. ७५ जिल्हे, ६०० गावे, सव्वा लाखाहून जास्त कुटुंबे. घरोघर जाऊन विचारले, बाबा रे, कर्ज कोणाकडून काढलेस? १९५४ साली अहवाल छापून आला. शेतकऱ्याने काढलेल्या १०० रुपयांतले सुमारे ७० रुपये सावकाराचे निघाले. सहकारी सोसायट्यांचे किती? जेमतेम ३. आणि सोसायट्यांचा कायदा तर १९०४ सालचा!

असे का व्हावे? सावकार आणि व्यापारी पुष्कळदा एकच माणूस असे. पेरणीला पैसे तोच देई, खळ्यावरचा माल तोच उचली, भावही तोच ठरवी. चार दुबळ्यांची दुबळी सोसायटी त्याच्यापुढे कशी टिकणार? म्हणून समितीने सांगितले, नुसते कर्ज देऊन भागणार नाही. कर्ज, मालाची विक्री आणि गोदाम यांची सांगड घाला. सरकारनेही सोसायटीचे भाग घ्यावेत. (सरकारचा पैसा आला की मागोमाग पुढारी येतो, हेही पुढे आपण पाहिलेच.)

गाडगीळ नुसते अहवाल लिहिणारे नव्हते. विठ्ठलराव विखे पाटलांच्या खटपटीने लोणीला प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्याचे पहिले अध्यक्ष गाडगीळच. ऊस शेतकऱ्याचा आणि कारखानाही शेतकऱ्याचा.

आता देशाचे कर्ज. परदेशातून काढलेले कर्ज बहुतेक डॉलरमध्ये फेडावे लागते. रुपया आपण छापतो, डॉलर छापता येत नाही. तो मिळतो माल परदेशी विकून, नाहीतर तिकडे राबणाऱ्या आपल्या माणसांनी घरी पाठवला तर. १९९० साली इराकने कुवेत घेतले. तेल महागले, आखातातली आपली माणसे परत आली. पत घसरली तशी जुन्या धनकोंनीही हात आखडले. १९९१ च्या जुलैत रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोने परदेशी गहाण ठेवले आणि सुमारे ४० कोटी डॉलर उचलले. बायकोच्या पाटल्या घेऊन पेढीवर जावे, तसेच झाले.

पुढच्या वर्गाला सोसायटीचे आपापले पासबुक घेऊन या. व्याज कसे काढतात ते आपण फळ्यावर मांडू.