समोरचा सी लिंक गेला कुठे?

इअरफोन कानात राहू देत, पण जमलं तर खिडकीशी या. आजचा विषय तिथूनच दिसतो. खरं तर दिसत नाही, म्हणूनच तो विषय आहे.

सकाळी मी बाबांसोबत दादर चौपाटीवर चालायला जातो. बाबांना दमा आहे. समोर वांद्रे-वरळी सी लिंक, त्याचा उंच खांब तिथून दोन-अडीच किलोमीटरवर. २००९ साली पूल सुरू झाला, तेव्हापासून बाबांचा एक ठोकताळा. केबल दिसल्या तर दोन फेऱ्या. नुसता खांब दिसला तर एक. खांबही गायब? मग घरी जाऊन चहा. मी हसायचो. म्हणायचो, "बाबा, फोनवर एक्यूआय दिसतो की!"

नंतर कळलं, हवामान वेधशाळांमध्ये निरीक्षकही हेच करत आलेत. ठरावीक अंतरावरची टेकडी, चिमणी, मनोरा दिसतो का ते बघायचं आणि दृश्यमानता नोंदवायची.

आता हे होतं कसं? धूळ डोळ्यांसमोर पडद्यासारखी येते असं आपल्याला वाटतं. पण बांधकामाची जाड धूळ वजनाने भरली, तरी खरा खेळ बारीक कणांचा. पीएम २.५ म्हणजे २.५ मायक्रॉन किंवा त्याहून लहान, आपल्या केसाच्या जाडीच्या साधारण तिसाव्या भागाएवढे. त्यातले अर्धा-एक मायक्रॉनचे कण प्रकाशाच्या तरंगलांबीच्या जवळपास असतात, त्यामुळे प्रकाश सगळ्यात जास्त तेच विखुरतात. खांबाकडून येणारा प्रकाश वाटेतच इकडेतिकडे जातो, वर आकाशाचा उजेड मध्ये घुसतो. खांब आणि मागचं आकाश यांत फरकच उरत नाही.

त्यात मुंबईची दमट हवा. सल्फेट-नायट्रेटचे कण ओलावा पिऊन फुगतात. हिवाळ्यात वारा मंद, जमिनीलगतची गार हवा वर जात नाही, सगळं खालीच कोंडतं. आपण म्हणतो, "काय मस्त धुकं!" अहो, धुकं कसलं, धुरकं ते.

आणि हिशोब सरळ नाही. हवेत कण दुप्पट झाले की दिसण्याचं अंतर निम्मं होतं. म्हणजे ४० किलोमीटरचं २० होतं, पण ४ चं फक्त २. स्वच्छ हवा थोडी बिघडली की लगेच डोळ्यांत भरतं. आधीच घाण असलेली हवा थोडी सुधारली, तर कुणाला पत्ताही लागत नाही. मग डोळ्यांना सवय होते.

माझ्या गॅलरीत एकाच कठड्यावरून काढलेले फोटो आहेत. जुलैमध्ये पाऊस थांबल्यावर काढलेल्या फोटोत केबल न् केबल दिसते. डिसेंबरचा फोटो मित्राला पाठवला, तर म्हणाला, "लेन्स पूस."

परवा नुसता खांब दिसत होता, तोही पुसट. बाबांनी दुसरी फेरी सुरू केली. मी म्हटलं, "बाबा, नियम?" तर म्हणाले, "आता एवढं दिसलं तरी स्वच्छच म्हणायचं रे."

खिशातला त्यांचा इनहेलर चाचपला आणि त्यांच्या मागे निघालो.