वृत्तपत्रविद्येचे शिक्षण : कोणासाठी आणि कशासाठी?

(शिक्षक, पंचायत सदस्य आणि शासकीय अधिकारी यांच्या एका परिसंवादात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



वृत्तपत्रविद्या व जनसंज्ञापन यांचे विद्यापीठीय शिक्षण हा विषय या परिसंवादात कशासाठी ठेवला, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. आपला वृत्तपत्रांशी संबंध वाचक म्हणून येतो. फार तर आपल्या गावच्या कामाची चार ओळींची बातमी छापून यावी, एवढीच आपली अपेक्षा असते. पत्रकार होऊ इच्छिणाऱ्या तरुणांनी विद्यापीठात काय शिकावे, याच्याशी ग्रामपंचायतीच्या सदस्याला किंवा प्राथमिक शिक्षकाला काय कर्तव्य? माझे म्हणणे असे आहे की, कर्तव्य आहे, आणि पूर्वी कधी नव्हते इतके ते आज आहे.

एक जुना आक्षेप

या शिक्षणावर घेतला जाणारा आक्षेप फार जुना आहे. पत्रकार हा जन्मावा लागतो, तो वर्गात बसवून घडविता येत नाही, असे म्हणतात. आपल्याकडे या म्हणण्याला आधारही भक्कम मिळतो. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ सुरू केले. १८८१ मध्ये ‘केसरी’ निघाला, १८८८ मध्ये ‘सुधारक’. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ‘मूकनायक’ प्रसिद्ध झाला. यांपैकी कोणीही वृत्तपत्रविद्येची पदविका घेतलेली नव्हती.

हे खरे आहे, पण अर्धेच खरे आहे. ही सारी माणसे आपापल्या काळातील उत्तम शिक्षण घेतलेली होती आणि त्यांतील बहुतेक स्वतः शिक्षक होती. जांभेकर पुढे एल्फिन्स्टन संस्थेत प्राध्यापक झाले. टिळक व आगरकर हे न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकवीत होते. बाबासाहेबांनी कोलंबिया आणि लंडन येथे अर्थशास्त्राचा सखोल अभ्यास केला होता. मराठी पत्रकारिता अशी विद्येच्याच अंगणात वाढली आहे.

तरीही या व्यवसायाचे म्हणून जे खास ज्ञान असते, ते त्या काळी कोठे शिकावयास मिळत नव्हते. त्याची किंमत काय पडली, याचे एक उदाहरण आपल्या इतिहासात आहे. कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर ‘केसरी’ व ‘मराठा’ या पत्रांनी टीका केली आणि काही पत्रांचा आधार घेतला. हेतू लोकहिताचा होता. परंतु ती पत्रे बनावट असल्याचे न्यायालयात ठरले. अब्रुनुकसानीच्या त्या खटल्यात १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर या दोघांना शिक्षा झाली व त्यांना मुंबईच्या डोंगरी तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. ज्या कागदावर विसंबून लिहावयाचे, तो कागद खरा की खोटा हे आधी कसे पारखावयाचे, हा धडा शिकविणारी शाळा तेव्हा नव्हती. विद्यापीठातील वर्गाचा उपयोग येथे दिसतो. चूक तेथेही होते. पण ती सरावाच्या कागदावर होते आणि तिची झळ कोणाच्या संसाराला लागत नाही.

विद्यापीठात हा विषय कसा आला

अमेरिकेत मिसूरी विद्यापीठाने १९०८ मध्ये पत्रकारितेचे स्वतंत्र विद्यालय काढले. वर्ग ज्या दिवशी सुरू झाले, त्याच दिवशी विद्यार्थ्यांचे वृत्तपत्रही सुरू झाले, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. जोसेफ पुलित्झर या वृत्तपत्रमालकाने १९०४ मध्ये एक दीर्घ लेख लिहून ‘पत्रकार जन्मावा लागतो’ या आक्षेपाला उत्तर दिले. त्याच्या देणगीतून कोलंबिया विद्यापीठाचे विद्यालय १९१२ मध्ये उघडले.

भारतात पंजाब विद्यापीठाने १९४१ मध्ये लाहोर येथे पृथ्वीपाल सिंग यांच्या नेतृत्वाखाली असा विभाग काढला. फाळणीनंतर तो दिल्लीस व पुढे चंदीगढला गेला. महाराष्ट्राच्या आजच्या सीमेत नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयाने १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत हे काम हाती घेतले. त्यास रोलंड वूल्सले या अमेरिकन प्राध्यापकांचे साहाय्य लाभले. पुणे विद्यापीठाचा, म्हणजे आताच्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा, विभाग १९६४ मध्ये सुरू झाला. तो ‘रानडे इन्स्टिट्यूट’ या नावाने सर्वपरिचित आहे. दिल्लीची भारतीय जनसंचार संस्था १९६५ मधील. त्यानंतर राज्यातील इतर विद्यापीठांनीही हे अभ्यासक्रम सुरू केले.

अभ्यासक्रमात काय असते

बाहेरून पाहणाऱ्यास असे वाटते की तेथे बातमी लिहावयास, छायाचित्र घ्यावयास व कॅमेऱ्यापुढे बोलावयास शिकवितात. ते शिकवितातच. पण तो या विद्येचा वरचा थर होय. पहिला धडा सहा ककारांचा : काय, कोण, कोठे, केव्हा, का आणि कसे. हे सहा प्रश्न ऐकावयास सोपे वाटतात, परंतु त्यांची उत्तरे मिळविणे कष्टाचे असते.

समजा, एखाद्या गावात टँकर येत नाही अशी तक्रार आहे. अप्रशिक्षित बातमीदार एका माणसाचे म्हणणे ऐकून ‘गाव तहानलेले’ असा मथळा देऊन मोकळा होतो. चांगल्या विभागात शिकलेला विद्यार्थी टँकरच्या फेऱ्यांची नोंदवही पाहावयास मागतो. तीवर कोणाची सही आहे ते पाहतो. मंजूर फेऱ्या किती आणि झालेल्या किती याचा मेळ घालतो. पाणी भरणाऱ्या स्त्रियांशी बोलतो. वस्तीच्या टोकाच्या घरी जातो. आणि शेवटी ग्रामपंचायत अधिकाऱ्याला त्याची बाजू विचारतो. अशा बातमीमुळे टँकर येण्याची शक्यता वाढते. पहिल्या बातमीमुळे केवळ भांडण वाढते.

दुसरा भाग कायद्याचा व नीतीचा. राज्यघटनेच्या १९व्या अनुच्छेदाने दिलेले अभिव्यक्तिस्वातंत्र्य आणि त्यावरील वाजवी निर्बंध, अब्रुनुकसानी, न्यायालयाचा अवमान, २००५ चा माहितीचा अधिकार अधिनियम हे विषय त्यात येतात. अत्याचारास बळी पडलेल्या बालकाची ओळख उघड करावयाची नाही, हे २०१२ च्या कायद्याने बंधनकारक आहे. नाव गाळून शाळेचे व वाडीचे नाव छापले, तरीही ओळख उघड होतेच, हे विद्यार्थ्याच्या मनावर बिंबवावे लागते.

तिसरा भाग संज्ञापनशास्त्राचा. सांगितलेली गोष्ट ऐकणाऱ्यापर्यंत कशी पोहोचते, का पोहोचत नाही, पोहोचल्यावर तिचे काय होते, याचा हा शास्त्रशुद्ध अभ्यास आहे. त्याचे एक नामांकित उदाहरण आपल्याच मातीतले आहे.

पुण्याचा १९५६ चा प्रयोग

१९५६ मध्ये, महाराष्ट्र राज्य अस्तित्वात येण्यापूर्वी, आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने ग्रामीण श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. मराठी भाषक पाच जिल्ह्यांतील सुमारे १५० गावे त्यासाठी निवडण्यात आली. प्रत्येक गावात साधारण वीस जणांचे मंडळ आठवड्यातून दोनदा एकत्र बसे, शेती व ग्रामजीवनावरील अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐके आणि लगेच त्यावर चर्चा करी. मंडळाचे प्रश्न केंद्राकडे पाठविले जात व त्यांची उत्तरे पुढील कार्यक्रमांत दिली जात. दहा आठवड्यांत असे वीस कार्यक्रम झाले.

या प्रयोगाचे मूल्यमापन टाटा समाजविज्ञान संस्थेने केले. ते काम प्रा. पॉल न्यूराथ यांच्याकडे होते. श्रोतृमंडळे असलेल्या गावांची तुलना मंडळे नसलेल्या गावांशी करण्यात आली. मंडळांच्या गावांत लोकांच्या माहितीत लक्षणीय भर पडली होती. जेथे रेडिओ होता पण मंडळ नव्हते, तेथे ती फारच थोडी पडली. १९५९ पासून ही योजना देशभर नेण्यात आली.

विकासकार्यातील प्रत्येकाने या निष्कर्षाचा विचार करावा, असे मला वाटते. यंत्र पोहोचले म्हणजे माहिती पोहोचली असे होत नाही. माणसे एकत्र बसली, त्यांना उलट विचारता आले आणि विचारलेल्याचे उत्तर आले, म्हणजे माहिती रुजते. आज आपण योजनेचे पत्रक भ्रमणध्वनीवरील गटात पाठवितो आणि काम झाले असे समजतो. १९५६ चा प्रयोग सांगतो की, काम तेथे सुरू होते.

राईनपाड्याचा धडा

आता या विषयाच्या दुःखद बाजूकडे वळतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा या गावी, भिक्षा मागून उदरनिर्वाह करणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. मुले पळविणारी टोळी फिरत असल्याच्या अफवा त्या भागात भ्रमणध्वनीवरून पसरल्या होत्या. त्या पाच जणांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून मारहाण करण्यात आली. जी वास्तू गावाच्या विचारविनिमयासाठी उभारली गेली, तिच्यातच ही घटना घडली.

डोंगरीच्या प्रकरणात न पारखलेल्या मजकुराची किंमत ती छापणाऱ्या संपादकांनी स्वतः मोजली. राईनपाड्यात ती मोजली ज्यांचा त्या मजकुराशी काहीच संबंध नव्हता अशा परक्या, गरीब माणसांनी. ज्यांनी अफवा पुढे धाडली, त्यांतील अनेकांना आपण काही प्रसिद्ध करीत आहोत याची जाणीवही नसेल. पूर्वी छापखाना मोजक्यांकडे होता. आज तो प्रत्येकाच्या खिशात आहे. म्हणून संपादकाच्या जबाबदारीचा थोडा तरी अंश प्रत्येक नागरिकाकडे आला पाहिजे. वृत्तपत्रविद्या हा केवळ पत्रकारांचा विषय राहिलेला नाही, असे मी आरंभी म्हटले ते या अर्थाने.

शिक्षणातील उणिवा

हे सांगत असताना आमच्या क्षेत्रातील उणिवा झाकणे योग्य होणार नाही. पुष्कळ विद्यार्थ्यांची दृष्टी महानगरातील वाहिनीवर खिळलेली असते. ग्रामपंचायतीचा अर्थसंकल्प कसा वाचावा, सात-बाराचा उतारा काय सांगतो, ग्रामसभेची गणपूर्ती म्हणजे काय, हे ठाऊक नसतानाही पदवी मिळू शकते. चांगली पाठ्यपुस्तके अद्याप मोठ्या प्रमाणावर इंग्रजीत आहेत. दुसरीकडे, तालुक्याच्या गावी अल्प मानधनावर, बहुधा जाहिराती गोळा करण्याच्या अटीवर काम करणाऱ्या वार्ताहरास शिक्षणाची संधी क्वचितच मिळते. खेड्याची खरी बातमी मात्र त्याच्याच हाती असते. अशांसाठी मातृभाषेतील, सुटीच्या दिवशी चालणारे छोटे वर्ग काढणे हे विद्यापीठांचे कर्तव्य आहे.

आपण काय करू शकतो

अधिकारीवर्गास माझी विनंती आहे की, माहिती मागण्यास आलेल्या तरुणाला अडथळा समजू नये. माहितीच्या अधिकाराच्या ४थ्या कलमाप्रमाणे जी माहिती आपण होऊन प्रसिद्ध करावयाची, ती वेळेवर, आकड्यांसह आणि समजेल अशा मराठीत प्रसिद्ध केली, तर अफवेला जागाच कमी उरते. जेथे कार्यालय मौन पाळते, तेथे चावडी बोलू लागते.

शिक्षकांनी शाळेत भित्तिपत्रक चालवावे. मात्र त्यात सुविचार उतरवून घेण्यापेक्षा मुलांकडून गावाची एक खरी बातमी लिहून घ्यावी, आणि प्रत्येक वाक्यासमोर ‘हे तुला कोणी सांगितले?’ असा प्रश्न विचारावा. सातवीतील मुलाला ही सवय लागली, तर ती त्याला जन्मभर पुरेल.

पंचायत सदस्यांनी जवळच्या महाविद्यालयातील वृत्तपत्रविद्येच्या विद्यार्थ्यांना पंधरा दिवस गावात राहावयास बोलवावे. त्यांनी ग्रामसभेस बसावे, तिचा वृत्तांत लिहावा आणि तो गावापुढे वाचून दाखवावा. चुकले असेल तर गावकरी तेथेच दुरुस्त करतील. विद्यार्थ्याला यापेक्षा चांगला परीक्षक मिळणार नाही, आणि गावालाही आपल्या कारभाराचा लेखी आरसा मिळेल. तसेच गावात एखादी भयप्रद वार्ता पसरली, तर ती कोणाकडे पडताळावयाची, हे आधीच ठरवून फलकावर लिहून ठेवावे. पोलीस पाटील, सरपंच, मुख्याध्यापक यांची नावे व दूरध्वनी क्रमांक एवढे पुरे आहे.

बंधुभगिनींनो, या विद्येचे सार तीन प्रश्नांत सांगता येईल : हे प्रथम कोणी सांगितले? त्याला ते कसे कळले? आणि याला दुजोरा कोण देईल? विद्यापीठात हे प्रश्न दोन वर्षे घोटवून घेतात. ते ग्रामसभेत, शाळेत आणि कार्यालयातही विचारले जाऊ लागले, तर विद्यापीठाचे शिक्षण गावापर्यंत पोहोचले असे म्हणता येईल. त्या कामी आपण आम्हांस साहाय्य करावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.